गौराक्काचा पाय आणि मुंग्यांची डबी

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. जे दुखणं डोळ्यांना दिसत नाही, ते खरं मानायचं की नाही? ताप असला तर कपाळाला हात लावून कळतो. जखम असली तर दिसते. पण वरून सगळं ठीक, आणि माणूस म्हणतंय 'दुखतंय' – तर? माना डोलवू नका लगेच. आधी ऐका.

गडहिंग्लजला महादेव हत्तरगी नावाचे एक गृहस्थ. जळलेल्या मोटारींना नव्या तारा भरून द्यायचं त्यांचं दुकान. विहिरीवरची मोटार असो, गिरणीची असो, हात लागला की फिरलीच पाहिजे! त्यांची पत्नी गौरव्वा, सगळी आळी तिला गौराक्का म्हणायची. धुण्याच्या दगडावरून ती घसरली, घोटा मोडला. प्लास्टर झालं, निघालं. फोटो काढला तर हाड छान जुळलेलं. पण पाय? पाय पेटलेलाच! पावलावर चादर टेकली तरी जीव कळवळायचा. भाकरी थापायला उभं राहवेना.

महादेवराव म्हणाले, "फोटो बघितलास ना? हाड जुळलंय. आता दुखतं कसं?"

आता सांगा, ह्याला ती काय उत्तर देणार? ती म्हणायची, "दुखतंय एवढं कळतं मला. कसं ते मी कुठून सांगू?" दोन वर्षं हेच चाललं. सासरची माणसं म्हणू लागली, कामाचा कंटाळा. हळूहळू तिनं सांगायचंच सोडलं. मंडळी, माणूस तक्रार करायचं थांबलं की घरच्यांना वाटतं, बरं झालं!

शेवटी तिच्या भावानं तिला कोल्हापूरला नेलं, जुन्या दुखण्यांवर इलाज करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी पाय न्याहाळला, शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हाड बरं झालंय, पण नस अजून दुखण्याचाच निरोप वर पाठवतेय. पोटरीला ह्या चकत्या चिकटवायच्या. डबीतून अगदी हलका करंट जातो, मुंग्या आल्यासारखं वाटतं. मग तो निरोप डोक्यापर्यंत कमी पोचतो. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. लावून बघू."

केवढी ती डबी! मुठीत मावेल एवढी. तिच्यातून दोन तारा. गौराक्कानं लावली, आणि थोड्या वेळानं पाऊल जमिनीवर टेकवून बघितलं. पुन्हा टेकवलं. आग होती, पण सोसवेल एवढीच.

घरी आली, चुलीपाशी उभी राहिली. महादेवरावांना नवल वाटलं. पण माणूस करंटमधला! मनात म्हणाले, एवढ्याशा सेलनं काय होतंय? सगळा मनाचा खेळ. बघूच. एके सकाळी त्यांनी गुपचूप डबीतला सेल काढून घेतला आणि झाकण लावून ठेवलं.

गौराक्कानं चकत्या चिकटवल्या, बटण फिरवलं. काही नाही. परत फिरवलं. तारा काढून पुन्हा खोचल्या. तिचा चेहरा पांढरा पडला. "अहो, मुंग्या येत नाहीत. बिघडली वाटतं." आणि तिथंच खाली बसून ती डबी पदरानं पुसू लागली, हलक्या हातानं, जणू पुसल्यानं सुरू होणार होती.

महादेवराव पुढं झाले. खिशातून सेल काढून म्हणाले, "बिघडली नाही. मीच काढला होता. म्हटलं, बघावं खरंच काही होतं का."

मग ह्यांनी सेल घातला, चकत्या स्वतःच्या पोटरीला लावल्या, बटण फिरवलं. पोटरीत मुंग्या धावल्या! दचकलेच. "अगं, खरंच की."

तेव्हा ती म्हणाली, "दुकानात कुणी मोटार आणली आणि म्हणाला, फिरत नाही, तर वरून चांगली दिसते म्हणून तुम्ही त्याला परत पाठवता का? उघडून बघता. मी दोन वर्षं सांगत होते. तुम्ही डबी तपासलीत. मला एकदा तरी विचारलंत, कुठं दुखतंय?"

मंडळी, त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. महादेवराव तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आता सांग." तिनं पाऊल पुढं केलं आणि बोटानं दाखवलं – इथं जळतं, इथं टोचतं, इथं नुसता वारा लागला तरी सहन होत नाही.

दुखणं पार गेलं का? नाही. मी खोटं सांगणार नाही. काही दिवस बरे, काही वाईट. पण ती बाजारात एकटी जाऊ लागली. मी तिला विचारलं होतं, "गौराक्का, गुण कशानं आला?" ती म्हणाली, "महाराज, आग डबीनं कमी झाली. पण ती आग आहे हे घरात मान्य झालं, तेव्हा मला झोप लागली."

आता तुमच्याकडं येतो. इथं हात जोडून बसलात, देवाचं ऐकायला आलात. घरी कुणीतरी आहे – आई असेल, सून असेल, म्हातारा बाप असेल – जे पूर्वी सांगायचं आणि आता सांगत नाही. त्यांच्याजवळ जाऊन बसा, कुठं दुखतंय ते विचारा, आणि उत्तर पुरं होईपर्यंत उठू नका.