एनॉसला पडलेलं एक मत

(सन १८०३, न्यू इंग्लंड. राज्याची विधानसभा चिठ्ठीवर नाव लिहून वॉशिंग्टनसाठी सिनेटर निवडते आहे; पहिली फेरी संपून जेवणाची सुट्टी. समोरच्या खानावळीत एका बाकावर दोन वकील, दोघेही सभासद.)

एनॉस : हसले रे सगळे! कारकुनानं वाचलं, 'जेरेड पेनिमन एकसष्ट, कर्नल स्ट्रिकलंड साठ, आणि एनॉस व्हिटलॉक, एक.' अख्खं सभागृह खो खो हसलं. कुणी केली ही थट्टा?

जेरेड : जेव आधी. मटण गार होतंय.

एनॉस : तुला जेवण सुचणारच. निम्म्याहून जास्त, म्हणजे बासष्ट हवीत, एकच कमी पडलंय. दुपारच्या फेरीत ते मिळालं की तू सिनेटर. आपल्या टीचभर गावातला वकील, आणि थेट वॉशिंग्टनला!

जेरेड : तुझं मत मलाच होतं ना, एनॉस?

एनॉस : हा काय प्रश्न झाला? अरे, दहा वर्षं एका घोडीवर आळीपाळीनं बसून आपण कोर्टामागून कोर्टं फिरलो. प्रत्येक खानावळीत एका पलंगावर झोपलो. तुझे ते गारठलेले पाय रात्रभर माझ्या पोटऱ्यांना!

जेरेड : मोजून झालेल्या चिठ्ठ्या शेकोटीपाशी टोपलीत टाकतात. मी त्या चाळल्या. कर्नलच्या नावाच्या एका चिठ्ठीवरचं अक्षर फार सुंदर होतं.

एनॉस : सुंदर अक्षर पुष्कळांचं असतं.

जेरेड : तुझं मी ओळखणार नाही? तुझ्या हातची वही रोज उघडतो मी.

एनॉस : काढलीस ना वही? काढच! जजसाहेब बास्कम यांच्याकडे शिकत होतो, तेव्हा घोड्यावरून पडून उजवा हात मोडून घेतलास. कायद्याची पुस्तकं साऱ्या जिल्ह्यात त्यांच्याच घरी. ज्यानं त्यानं त्यांतून आपली वही उतरवून घ्यायची. माझी झाल्यावर तुझी कुणी लिहिली? चारशे पानं! आणि तिच्या जोरावर खटले जिंकतोस तू. आयत्या बिळावर नागोबा!

जेरेड : वही दोघांकडे तीच होती, एनॉस.

एनॉस : तेच तर सलतं! शब्दन् शब्द तोच. मी उभा राहिलो की ज्यूरी जांभया देते, तू उभा राहिलास की तीच माणसं पुढे सरकून बसतात. माझी बायकोसुद्धा म्हणते, 'आज जेरेडचं भाषण आहे, ऐकायला जाऊ या.' हो, जळतो मी. लिहिली कर्नलच्या नावाची चिठ्ठी. तो गाढव आहे, मला ठाऊक आहे. पण गाढव निवडून आलं तर माझ्या पोटात दुखत नाही.

जेरेड : बरं झालं बोललास.

एनॉस : आणि वर हे एक मत. चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं. ज्यानं लिहिलं त्याला समोर आण, मी त्याची...

जेरेड : मी लिहिलं.

एनॉस : तू?

जेरेड : स्वतःचं नाव स्वतः लिहिणं शोभत नाही. मग मनात म्हटलं, माझ्याखेरीज इथं लायक कोण? आणि लिहिलं. लोक हसतील असं वाटलंच नाही मला.

एनॉस : थट्टा असती तर परवडलं असतं रे! आयुष्यात सिनेटसाठी एक मत पडलं, तेही तुझ्या ताटातलं उरलंसुरलं.

जेरेड : उरलंसुरलं कसं? माझ्याकडे एकच होतं.

एनॉस : गप्प बस.

जेरेड : घंटा झाली बघ. चल. पुन्हा कर्नललाच द्यायचं तर दे. मी तोंड फिरवणार नाही.

एनॉस : थांब. या फेरीत माझं नाव लिहायचं नाही.

जेरेड : मग कुणाचं लिहू?

एनॉस : कर्नलचं.

जेरेड : वेड लागलंय का तुला?

एनॉस : नीट ऐक. तुझं मत त्याला, माझं तुला. तो साठावरच राहतो, तू बासष्ट.

जेरेड : पण हा द्राविडी प्राणायाम कशाला?

एनॉस : तुझे उपकार डोक्यावर घेऊन तुझं नाव माझ्यानं लिहवणार नाही, म्हणून.

जेरेड : बरं बाबा. लिहितो. माझं अक्षर कुणाला लागलं तर नशीब.

एनॉस : माझं लागेल. चांगलं ठसठशीत काढणार आहे. तुला वॉशिंग्टनला कुणी पाठवलं, ते त्या कारकुनाला तरी कळू दे.