शेठच्या नावाचे ग्लास

दानशूर तुम्ही लई पाहिले असतील, पण आमचे पारनेरचे भांडेवाले शेठ नाही पाहिले! एड्सचं नाव काढलं की लोक दार लावून घ्यायचे, तेव्हाची गोष्ट. एचआयव्ही झालेल्यांसाठी आम्ही संस्था चालवायचो. मदतीसाठी बाजारात हिंडलो, तर कापडवाल्यानं लांबूनच हात जोडले. शेठनी मात्र स्टीलचे ग्लास दिले. प्रत्येकावर स्वतःचं नाव घालून, ‘सप्रेम भेट’!

वर सत्कारही ठेवायला लावला. फोटोवाला त्यांचाच. भाषणात गरजले, “शिवल्यानं हा रोग होत नाही! ही सगळी माझ्या घरचीच माणसं आहेत!”

टाळ्या पडल्या. आमच्या संस्थेतल्या पारूबाईंना स्वतःला ही लागण होती. त्यांनी उठून नव्या ग्लासातून शेठना पाणी दिलं.

शेठ मागं सरकले. “नको, उपास आहे आज.”

“उपासाला पानी चालतं की.”

“तसं नाही बाई. दुसऱ्याच्या भांड्यातलं मी पीत नाही. पहिल्यापासूनचा नेम आहे.”

पारूबाईंनी ग्लास फिरवला आणि नाव त्यांच्यासमोर धरलं.

“दुसऱ्याचं कुटं, शेठ? वाचा की. तुमचंच हाय.”