जमुनाबाईच्या घरातले भूत

नाव : श्रावण पुंजाजी डोंगरदिवे. वय : अंदाजे चौतीस. धंदा : टुरिंग टॉकीजमध्ये भोंग्यावर बोलणे. राहणार मूर्तिजापूर, हल्ली मुक्काम वलगाव. माहे जानेवारी १९५८.

मी कोणी न बोलावता आपणहून ठाण्यात येऊन सांगतो की, आमच्या टॉकीजचा तंबू वलगावच्या बाजाराच्या मैदानात लागला आहे. मुख्य पिक्चरच्या आधी आम्ही एक जुनी, मुकी विलायती रीळ दाखवतो. त्यात भुताचे घर आहे. दारे आपोआप लागतात, खुर्ची चालते. एक जाडा माणूस पिठाच्या पिंपात पडून पांढरा होतो आणि त्याला भूत समजून बाकीचे पळतात. रीळ हसण्याची आहे. काय चालले आहे ते मी भोंग्यावर सांगतो. माणसे हसवणे हेच माझे काम, आणि त्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असा मला ताठा होता.

जमुनाबाई ही गावाच्या टोकाला एकटी राहते व खानावळ चालवते. आम्ही टॉकीजवाले तेथेच जेवतो. बिजागरी ढिली असल्याने तिच्या घराचे दार आपोआप लागते. पहिल्या खेळाला पडद्यावर दार लागले तेव्हा मी म्हणालो, "वळखलं का हे घर? आपल्या जमुनाबाईचं! पाहा, दार कसं आपोआप लागून राहिलं!" जाडा पिठात पडला तेव्हा म्हणालो, "जमुनाबाईच्या जवारीचं पीठ हाये बाप्पा, भाकर जपून खाजा!" लोकांनी तंबू डोक्यावर घेतला. जमुनाबाई बायकांत पुढेच बसली होती. तोंडाला पदर लावून तीच सर्वांत जास्त हसत होती. मला फार बरे वाटले. मग दर खेळाला मी तेच म्हणू लागलो.

तिचा नवरा व मुलगी पटकीच्या साथीत त्याच घरात गेली, हे मला माहीत नव्हते. गावाला माहीत होते. लोक म्हणू लागले की, हा परका माणूस, याले त्या घरातल्या भुताचं कसं समजलं? खानावळीत कोणी येईना. शेजारच्या सुंदराबाईने आपल्या लेकरांना तिच्या अंगणात जायची बंदी केली. मग तिच्या छपराच्या कवेलूंवर दगड पडले. तिने बाहेर येऊन पाहिले तर एक दगड कपाळाला लागला. दगड कोणी मारले ते मी पाहिलेले नाही.

मी तिच्याकडे जाऊन बिजागरी ठोकून दिली. दुसरे काय करावे ते सुचेना. ती म्हणाली, "श्रावणभाऊ, मले दुसरं काही नको. भोंग्यावर बोलला ना, तसंच भोंग्यावर सांगून दे, का घरात तसं काही नाही."

त्या दिवशी खेळाआधी मी सांगितले, "मंडळी, मी खोटं बोललो. जमुनाबाईच्या घरात भूत-बीत काही नाही. मायची आन." लोक हसू लागले. मी ओरडलो, "हासू नका, मी खरं सांगून राहिलो!" ते आणखी हसले. कोणी ओरडले, "वा रे पठ्ठे!" मला रडू आले तर शिट्ट्या व टाळ्या पडल्या. जमुनाबाई कपाळाला पट्टी बांधून पुढेच बसली होती. लाजेने मला तिच्याकडे पाहावेना.

आता ती घर सोडून अकोल्याला भावाकडे जायचे म्हणते. जायची तिची इच्छा नाही. माझे विनंतीपूर्वक सांगणे की, साहेबांनी स्वतः गावात दवंडी द्यावी. सरकारी माणसाचे लोक ऐकतील. माझे खरे आता कोणी खरे धरत नाही. दगड मारणारा सापडला नाही तर त्याच्या जागी माझे नाव लिहावे.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. पिठाच्या ठिकाणी त्यांना हसू आले व वाचणे थोडा वेळ थांबले. बाहेर बाकावर जमुनाबाई बसली आहे, तिला ते ऐकू गेले असेल. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे.