जिम्याचं झबलं

हळू बोला, मास्तर, हळू — आत्ताच डोळा लागलाय त्याचा. मोरीत झोपलाय, ओल्या गोणपाटावर. नाय, तुम्ही उठू नका, बसा. आन् हाक तर अजिबात मारू नका. जिवंत हाय हो! असं तोंड काय करताय? चांगला धडधाकट हाय तुमचा जिमी. त्या पंख्याखाली सरका — फिरत नाय तो, लाईट गेलीय सकाळधरनं, पण सवयीनं माणूस तिथंच बसतं. हा गुळाचा खडा घ्या आधी. उन्हातनं आल्याबरोबर गटागटा पाणी पिऊ नाय, आधी गूळ, मग पाणी. सामान चढवतोय ना टेम्पोवाला? ऐकतेय मी मघापासनं. तुमचं कपाट जिन्यात अडकलं तेपण कळलं मला. आणताना पण तिथंच अडकलं होतं, आठवतंय? माझ्या पोरानं, गोरक्षनं खांदा दिला होता, तवा कुठं वर गेलं. तीन वर्षं झाली त्याला. शेवटचा आला तो तवाच.

बदली झाली म्हणे हरसूलला. मला किराणावाल्यानं सांगितलं. म्हणला, मालनबाई, तुमचे वरचे मास्तर चालले की. मी म्हणले, चालले कुठं, घोटीला गेलेत सासुरवाडीला, येतील शाळा उघडायच्या आत, कुत्रं हाय त्यांचं माझ्याजवळ. तर तो हसला. असू द्या, असू द्या, तुम्ही तरी काय करणार, सरकारी हुकूम, आज आला की उद्या निघायचं. मी कोण तुम्हाला विचारणारी, नात्याची ना गोत्याची. तुमच्या सासूबाईंना घरात कुत्रं चालत नाय म्हणून तुम्ही म्हणला, मावशी, चार दिवस सांभाळा. चार दिवसच म्हणला होता ना? मी ठेवला. मला काय, दोन भाकरींत तिसरी त्याची.

पण मास्तर, तुम्ही घोटीला होता म्हणून वाचलात बघा. हितं काय झालं तुम्हाला ठाऊक नाय. अहो, हे नाशिक! हितं पंखा घेणाऱ्याला लोक हसायचे. आमचे मालक प्रेसमधनं रिटायर झाले तवा हा पंखा आणला त्यांनी, तर सगळी चाळ बघायला आली — काय हो, मुंबईला राहायला चाललात का, म्हणून. अख्खा चैत्र कसा गार गेला, पहाटे पांघरूण लागत होतं. आन् वैशाखात एके दिवशी सकाळीच असा वारा सुटला, खानदेशातनं येतो तसला, तव्यावरनं आल्यासारखा. मंग थांबलाच नाय. नळाला दहा मिनटं पाणी, तेपण चहा टाकावा असं गरम. समोरच्या तानुबाईचं मांजर — ते माजलेलं, कुणाच्या बापाला भीत नाय ते — तिच्या माठाला कवटाळून झोपायचं. हाकललं तरी हलायचं नाय, आन् तानुबाई पण हाकलंना. म्हणली, मला जागा असती तर मीपण तशीच झोपले असते. कावळे नळावर चोच उघडी टाकून बसायचे. शेळीच्या पाठीवर ओलं पोतं, माणसाच्या डोक्यावर ओला पंचा. कोण माणूस आन् कोण जनावर, काय राहिलं नव्हतं.

आन् त्यात हा तुमचा! एवढा केसांचा डोंगर अंगावर. कापसाची गादी पांघरून बसवलंय जणू कुणी त्याला. जीभ ही एवढी बाहेर, हातभर. हाहाहाहा, दिवसभर तेच. भाकरी खाईना, दूध हुंगून सोडून द्यायचा. मी ओल्या फडक्यानं पुसायचे, तर वरचे केस ओले आन् आत भट्टी. माझं माहेर चांदवडकडचं, तुम्हाला सांगितलंय मी. तिकडं कांदा निघाला की रानात धनगरांचे वाडे बसतात. ऊन तापलं की धनगर काय करतो? मेंढरं धुतो आन् कातरतो. कातरलेलं मेंढरू कसं टुणटुण उड्या मारतं, जन्मभर बघितलंय मी. मंग मला सांगा — लोकर ती लोकर. मेंढराची काढायची आन् ह्याची नाय, असं कुठं लिहिलंय?

हां. तेच सांगते. ऐकून घ्या आधी, आवाज वाढवू नका. जेलरोडच्या पुढं मळ्यात मल्हारी धनगराचा वाडा बसलाय, माझ्या माहेरच्या ओळखीतला. त्याला निरोप दिला. आला बिचारा कातर घेऊन. कुत्र्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणला, आक्का, हे माझ्या बापानं कधी केलं नाय. मी म्हणले, तू कर. मीच धरला त्याला मांडीत. हूं नाय का चूं नाय, गपगार बसला माझ्या पदरात तोंड खुपसून. लय विश्वास हो त्याचा माझ्यावर. मल्हारीनं पाठ केली, पोट केलं, डोक्याला आन् शेपटीला हात लावू दिला नाय मी — शोभा राहू दे म्हणले तेवढी. आन् उठून उभा राहिला तर — मास्तर, हसू नका, पण डोकं सिंहाचं, अंग उंदराचं, शेपटीला झाडू! गुलाबी गुलाबी, टेकाडं-टेकाडं कातरलेलं. मल्हारी हसून हसून ओट्यावर बसला. मीपण हसले. किती दिवसांनी हसले ते मलाच कळलं, गालाला कसंतरी झालं.

पण करायला गेले गणपती आन् झाला मारुती. दुसऱ्याच दिवशी पाठ लाल भडक. उचलला आन् गुरांच्या दवाखान्यात गेले चालत, पदराखाली झाकून. डॉक्टर असा ओरडला माझ्यावर! म्हणला, आजी, केस म्हणजे त्याचं छप्पर, कौलं काढून टाकलीत तुम्ही घराची. मेंढीचं वेगळं, ह्याचं वेगळं. आता मला काय ठाऊक! सगळ्या रस्त्यानं रडत आले. त्याला म्हणले, बाळा, चुकले रे. तर हनवटी चाटतोय. घरी आले आन् ट्रंक उघडली. आमच्या मालकांचे दोन बनियन होते, धुऊन घडी करून ठेवलेले, ते गेल्यापासनं हात लावला नव्हता मी. मऊ पडलेलं सूत, त्याच्याइतकं मऊ बाजारात मिळायचं नाय. एकाला कात्री लावली. चार पायाला चार भोकं, पाठीवर नाडी. झबलं शिवलं त्याला. रोज सकाळी खोबरेल लावायचं आन् ओलं करून पिळून ते चढवायचं. आता बरी हाय पाठ. लव यायला लागलीय. खरंच, हात लावला की कळतं.

लोक हसतात, हसू द्या. किराणावाला म्हणतो, मालनबाई, नातवाला घेऊन फिरायला निघालात का? मी म्हणते, हो. गोरक्षचं पोरगं मी बघितलं कुठं, फोटोत बघितलंय तेवढंच. चिंचवडला कंपनीत हाय तो, रजा मिळत नाय. ह्या उन्हाळ्यात येतो म्हणला होता पोराला घेऊन. मंग निरोप आला, आई, नाशकात यंदा लय ऊन पडलंय म्हणे, पोराला सोसायचं नाय, पावसाळ्यात बघू. बरोबर हाय. पोराला सोसायचं नाय. मलापण नाय सोसलं — म्हणजे तसं काय नाय, आपलं घेरी आली एकदा. मोरीत होते, भांडी घासत. डोळ्यापुढं अंधार आन् बसले ते आडवीच झाले. मास्तर, खरं सांगू? बरं वाटलं. फरशी गार होती. म्हणले, आता कोण उठतंय, कशाला उठायचं? कोण येणार हाय बघायला, तानुबाई आली तर संध्याकाळी. पडून राहिले. हा येऊन बसला डोक्यापाशी. भुंकला नाय, काय नाय. थोड्या वेळानं उठला, आपलं भांडं चाटायला लागला. रिकामं भांडं. ते फरशीवर सरकायचं, खर्र-खर्र-खर्र, आन् हा त्याच्यामागं. परत यायचा, माझ्याकडं बघायचा, परत जाऊन चाटायचा. म्हणले, मेल्या, तुला पाणी कोण देणार मी नाय उठले तर? आन् उठले. भिंतीला धरून धरून उठले. त्याचं भांडं भरलं, मंग मीपण प्याले. कुठं बोलू नका हे. गोरक्षला पत्र लिहिलं कुणी, तर उगाच काळजी करायचा.

तर मी काय म्हणते, मास्तर — राहू द्या ना त्याला. कायमचं नाय म्हणत मी. केस येईपर्यंत. नव्या गावात नवी शाळा, तुम्ही हेडमास्तर म्हणून जाणार, आन् संगं हे असलं ध्यान घेऊन? पोरं तुम्हालाच हसतील. तुमच्या पोरीला, सुलीला पण आवडायचं नाय, तिला तो रिबिन बांधलेला पाहिजे. दिवाळीपर्यंत राहू द्या, पहिल्यासारखा झाला की मी स्वतः घेऊन येते एस्टीनं, हरसूल काय लांब नाय. मला तर वाटलं होतं तुम्ही बघितल्याबरोबर म्हणाल, मावशी, हे काय करून ठेवलंत, ठेवा आता तुमच्याकडंच. कातरताना नाय हो, तसं नाय, कातरलं ते उन्हापायीच, पण नंतर आपलं मनात आलं एकदा. खोटं कशाला बोलू. शोभेचं कुत्रं, शोभा गेली तर कुणाला पाहिजे? मला पाहिजे. मला असाच चालतो. विचार करा, घाई नाय. तुम्ही पन्हं घ्या, मी आणते —

अहो! कशाला? कशाला हाक मारली? सांगितलं होतं ना झोपलाय म्हणून!

आला. आला बघा. हळू रे, घसरशील, पाय ओले हायत तुझे. अगं बाई, काय उड्या! काय ते अंग हलवणं! माझ्या जवळ असा कधी — बघा, त्यानं ओळखलं तुम्हाला एका हाकेत. तुम्हालाच घडीभर लागली त्याला ओळखायला. हसा, हसा, हसण्यासारखंच हाय. तुमच्या डोळ्यात का पाणी? पाठ दुखत नाय आता त्याला, उचलून घ्या बिनधास्त. घ्या की. माझ्याकडं बघतसुद्धा नाय. बरोबर हाय त्याचं. मालक तो मालक.

न्या आता. नाय, मघाचं सोडा, मी आपलं बोलायचं म्हणून बोलले. न्या. साखळी त्या खुंटीला हाय. तेलाची बाटली घेऊन जा. दुपारचं बाहेर काढू नका. दही-भाकर खातो, दूध नका देऊ उन्हाचं. झबलं — असू द्या अंगावर. ते काढून आता मी काय करू? केस आले की काढा. फक्त फडकं म्हणून लादीला वापरू नका, तेवढं करा माझं. नको, पैसे नको, पाकीट आत ठेवा, नाय तर मला राग येईल. टेम्पोवाला हाका मारतोय, जा.

ते भांडं? ते माझं हाय, मास्तर, जर्मनचं. राहू द्या तिथंच. आन् वाकडं करू नका, सांडेल, भरलेलं हाय. ओढून घ्या दार.