थाई गायिकेसमोरचा नाच

अरे, म्युनिकला त्या थाई कार्यक्रमात मी आणि मंदारने जे केलं, त्याने अजून मान खाली जाते. आमच्या लॅबमधली थाई मैत्रीण, नोक, आम्हाला तिच्या देशातल्या नावाजलेल्या लोकगायिकेला ऐकायला घेऊन गेली होती. एका गाण्याचा ठेका असा चढला की आम्ही उठून नाचायलाच लागलो, शिट्ट्याही मारल्या. नोकने शर्ट ओढून आम्हाला खाली बसवलं आणि कानात म्हणाली,

"यांची आई गेली तेव्हा या बाई दौऱ्यावर होत्या, शेवटचं बघताही आलं नाही. हे गाणं आईसाठी गातात."

आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या. गाणं संपल्यावर बाई आमच्याकडे बघून हसत काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"पुढचं गाणं नाचायचं आहे, आता उठा."

सगळं सभागृह उठलं. आम्हा दोघांना काही उठवेना.