बत्तीसचा फ्यूज

चाकणच्या इलेक्ट्रिकल दुकानात तनुजा कंपनीच्या केबलचं बिल व्हायची वाट बघत उभी होती. तिच्या पुढे निघोज्याचा शेखर होता, आणि गल्ल्यावर दुकानाचे मालक भैरूअण्णा.

“अण्णा, सहा अँपिअरचा फ्यूज सारखा उडतोय. बत्तीसचा द्या.”

“कशाचा रं?”

“घरी कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन बनवलंय. लाकडावर नावाच्या पाट्या कोरतो. कोरायच्या मोटरवर जोर आला की फ्यूज गेलाच.”

“मशीनच्या पॅनेलमधली वायर केवढी?”

“पाऊण एमएम. घरात पडून होती.”

“आन् तिच्यावर बत्तीसचा? मग फ्यूज ऱ्हाईल आन् वायर पेटंल. मोटरला जाड वायर टाक, तिचा फ्यूज येगळा कर. पॅनेलच्या दाराला अर्थिंग दिलंय का?”

“दाराला कशाला? नुसता पत्रा आहे तो.”

“हात लावल्यावर झिणझिण्या येत्यात?”

“मला नाही येत. माझी बायको करिष्मा म्हणते, तिला येतात. मी म्हटलं, तुझा हात ओला असेल.”

“मशीन कोण चालवतं?”

“तीच. मी ड्यूटीवर असतो ना, अण्णा.”

“आत्ता चालू हाय?”

शेखरने घाईघाईने फोन लावला.

“करिष्मा, भिंतीवरचा मेन स्विच बंद कर. पाटी अर्धी राहू दे गं. पॅनेलला हात लावू नकोस, आधी मेन... केलास बंद? नक्की?... हां. अगं, तू म्हणत होतीस ते खरं होतं.”

तनुजा पुढे सरकली.

“अण्णा, माझं बिल राहू द्या. यांना आधी अर्थिंगची वायर कापून द्या.”