ऊना ट्रेलोअरची रविवारची टोपली

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालय समितीचे प्रमुख मिस्टर ब्रूस हेडल, घरचं लग्न टाकून इथे आलेल्या आपल्या महापौरबाई, जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ती ऊना ट्रेलोअर, येराबिनच्या आणि आसपासच्या शेतांवरच्या माझ्या बंधुभगिनींनो, आणि मागे चहाच्या टेबलाशी उभे राहून केक कधी कापणार याची वाट बघणाऱ्या मंडळींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी ग्लेंडा शिर्मर. रुग्णालयाच्या मदतीसाठी मुख्य रस्त्यावर आपलं जे जुन्या वस्तूंचं दुकान आहे, त्यात ऊनाच्या शेजारच्या खुर्चीवर माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे आज तिच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझाच, असं मी स्वतःच ठरवलं आणि समितीला कळवलं. समितीने विरोध केला नाही. तेवढी समज समितीला आहे.

ऊना सोमवारी ॲडलेडला बहिणीकडे राहायला जाते आहे. तिच्या डोळ्यांचं तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, आणि आपल्या या भागात गाडी बंद म्हणजे माणूस घरात बंद. सकाळीच ती मला म्हणाली, "ग्लेंडा, भाषणात माझं कौतुक करायला लागलीस ना, तर मी उठून दाराबाहेर जाईन." मी म्हटलं, "आधी दार कुठे आहे ते तर दिसू दे तुला." त्यावर ती एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तेव्हा मंडळी, मी कौतुक करणार नाही. जे घडलं तेवढंच सांगेन. आता त्यातून कौतुक निघालं तर माझा इलाज नाही.

टेबलावर ही जी टोपली दिसते आहे, ती आपल्या सर्वांकडून ऊनाला. तिच्यात बघण्यासारखं काहीही नाही. माझ्या नवऱ्याच्या, क्लाइव्हच्या शेतातल्या गव्हाच्या ओंब्या आहेत, निलगिरीच्या डहाळ्या आहेत, नुकत्याच कातरलेल्या लोकरीचा एक पुंजका आहे, क्वांडाँगच्या रानफळांचा मुरंबा आहे. सगळं हाताला आणि नाकाला कळेल असं. अख्ख्या टोपलीत विकत घेतलेली वस्तू एकच, ती म्हणजे बांधायची सुतळी. नाहीतर ऊनाने आम्हाला उधळे म्हटलं असतं.

कारण भेटीच्या टोपल्या भरणं ही आपल्या गावात ऊनाची विद्या. शाळेची सोडत असो, फुटबॉल क्लबचा नाताळ असो, कुणाकडे बाळ जन्मलेलं असो, टोपली ऊनाची. इतर लोक आधी वस्तू गोळा करतात आणि मग त्या कोंबतात. ऊना आधी माणूस बघायची. अर्नी पास्कोची बायको गेली तेव्हा सगळ्या गावाने त्याच्या दारात शिजवलेलं अन्न नेऊन ठेवलं. ऊनाने काय नेलं? आमच्या दुकानातला एक जुना बिडाचा तवा, त्यात अंडी, लोणी आणि एक उलथनं. आणि स्वतः त्याच्या चुलीशी उभी राहिली. "अर्नी, माणसं आणखी महिनाभर आणून देतील. मग तू काय करणार?" अर्नी इथेच बसला आहे. आज आमलेट करण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही.

ती मला नेहमी सांगायची, "विषय एक असला की स्वस्त वस्तूही एकमेकींना धरून उभ्या राहतात. विषय नसला की महागातल्या वस्तूसुद्धा दुकानाच्या फळीवर मांडल्यासारख्या दिसतात." खाली वर्तमानपत्राचे बोळे, मागे उंच वस्तू, पुढे बुटक्या, आणि टोपली अशी हवी की रिकामी झाल्यावरही घरात वापरात राहील. बादली, चाळण, बाळाचा टब, काहीही चालेल. चकचकीत कागदाला मात्र तिच्या राज्यात प्रवेश नव्हता.

आता मला सांगायची आहे ती गोष्ट.

तुम्हाला ते वाईट साल आठवत असेल. पाऊस नव्हता हे एक, आणि त्यात वरून निरोप आला की वर्षअखेरपर्यंत रात्रपाळीला कायमची परिचारिका मिळाली नाही तर आपला तातडीचा विभाग रात्री बंद होणार. रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर दीड तास गाडी हाकायची, तीही कांगारूंनी भरलेल्या रस्त्यावरून. परिचारिका येत नव्हत्या असं नाही. येत होत्या आणि जात होत्या. प्रत्येकीच्या स्वागताला समिती ॲडलेडहून एक मोठं हॅम्पर मागवायची. चकचकीत कागद, सोनेरी फीत, वाईनची बाटली, चीज, बिस्किटं, ऑलिव्ह. बाई निघून जाताना ती बाटली तशीच आमच्या दुकानात देऊन जायची. आम्ही ती नाताळच्या सोडतीत ठेवायचो. जिंकणारा ती पुन्हा कुणाला तरी भेट द्यायचा. त्या बाटलीने हे गाव जेवढं पाहिलं तेवढं आपल्यातल्या काहींनी पाहिलं नसेल.

मग लोसालिनी आली. फिजीची. समुद्राच्या काठावर वाढलेली बाई, आणि इथे चहूबाजूंना नुसते गव्हाचे खुंट. मुलगी लहान, ती तिकडे आजीकडे ठेवलेली. कामाला अशी की डॉक्टरांनी समितीला सांगितलं, हिला काही करून थांबवा. तिलाही हॅम्पर मिळालं. ती दारूला शिवत नाही, पण ते विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.

एका सकाळी ती आमच्या दुकानात आली. फळीवरचं सगळ्यात मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं तिने दोन्ही हातांनी उचललं, आत बघितलं, परत ठेवलं, आणि एक छोटंसं भांडं घेऊन पैसे द्यायला आली. एकाच माणसाचं अन्न शिजेल एवढं.

ऊना म्हणाली, "ते मोठं का ठेवलंस परत?"

"नको होतं. नुसतं उचलून बघितलं."

"नको असलेली वस्तू कुणी अशी उचलत नाही, पोरी."

तेव्हा ती बोलली. रविवारी चर्चमधून आल्यावर तिच्या आईकडे असं पातेलं चुलीवर असतं. नारळाच्या दुधातला मासा, अळूची पानं, कसावाचे उकडलेले कंद. कोण येणार हे ठरलेलं नसतं, पण कुणीतरी येतंच. "इथे रविवारी मी रेडिओ लावते," ती म्हणाली, "घरात कुणीतरी बोलावं म्हणून." आणि छोटं भांडं पिशवीत टाकून ती गेली.

त्याच आठवड्यात ब्रूसने समितीत बातमी दिली की लोसालिनी महिनाअखेरीला सोडून जाते आहे. अध्यक्षमहाराज, पुढचं संभाषण मी सांगते आहे, तुमची परवानगी गृहीत धरून.

ब्रूस म्हणाला, "आणखी मोठं हॅम्पर मागवू. या वेळी चांगलं हॅमसुद्धा घालू."

ऊना म्हणाली, "तिला हॅम नकोय ब्रूस. तिला जेवायला माणसं हवीत."

"माणसं हॅम्परमध्ये कशी बसवणार?"

"ते माझ्यावर सोड. मला वीस डॉलर दे."

"वीस डॉलरमध्ये? लोक म्हणतील, हॉस्पिटलचं दिवाळं निघालं."

"ती गेली तर निघेलच."

ब्रूसने पैसे दिले. स्वतःच्या खिशातून दिले, हेही मला सांगितलं पाहिजे, कारण तो कधीच सांगणार नाही.

मग ऊना कामाला लागली. टोपली म्हणून तेच मोठं पातेलं. नारळाच्या दुधाचे डबे सुपरमार्केटने सवलतीत काढले होते, ते तिने घासाघीस करून आणखी खाली आणले. बर्फात ठेवलेले कसावाचे कंद ॲडलेडहून पावाच्या ट्रकमधून आले, ट्रकवाल्याने भाडं घेतलं नाही. मासा तिच्या पुतण्याने आखातात पकडलेला. अळू इथे कुठलं? त्याऐवजी तिने आपल्या परसातलं पालकासारखं सिल्व्हरबीट कापलं, पानं पंख्यासारखी मागे उभी केली. वर लिंबं, पानांसकट. आणि मग तिने फळीवरून एनॅमलच्या थाळ्या काढायला सुरुवात केली. एकीसारखी दुसरी नाही, कडा टवके उडालेल्या. एक, दोन, तीन... सहा.

मी म्हटलं, "ऊना, एकट्या बाईला सहा थाळ्या?"

"तू, क्लाइव्ह, अर्नी, ब्रूस, मी आणि ती. एकटीचा रविवार होत नसतो, ग्लेंडा."

"आपल्याला तिने बोलावलंय?"

"अजून नाही."

सगळ्यावर एक निळा टेबलक्लॉथ टाकून तिने वर गाठ मारली. मंडळी, मी आयुष्यात पुष्कळ हॅम्परं बघितली आहेत. त्या पातेल्याइतकं देखणं दुसरं बघितलं नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही पाचजण तिच्या दारात. पातेलं क्लाइव्हच्या हातात. लोसालिनीने दार उघडलं. तिच्या मागे पलंगावर सुटकेस उघडी पडलेली दिसत होती. आमच्याकडे बघून तिचा चेहरा कठीण झाला.

"मिसेस ट्रेलोअर, निरोपाची भेट आणली असेल तर परत न्या. माझ्यावर दया केलेली मला आवडत नाही."

मला वाटलं, संपलं. ब्रूस तर एक पायरी उतरलासुद्धा. ऊना जागची हलली नाही.

"दया कुणाला आलीय? आम्हाला भूक लागलीय," ती म्हणाली. "अळू काही मिळालं नाही. सिल्व्हरबीट चालतं का, ते तू सांग. आम्हाला त्यातलं काही कळत नाही."

लोसालिनीने गाठ सोडली. पातेलं ओळखलं. लिंबं बाजूला केली, एक पान चुरगाळून वास घेतला, कसावा दाबून बघितला. मग थाळ्या मोजल्या. मोजून झाल्यावर तिने आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे, सावकाश.

"मीठ कुठंय?" ती म्हणाली.

मीठ नव्हतं. तिच्या घरातलंही संपलं होतं, जाणाऱ्या माणसाने कशाला भरून ठेवावं? तेव्हा रुग्णालय समितीचे प्रमुख रविवारच्या सुटातच घरी धावत गेले आणि मिठाचा डबा घेऊन आले. ऊना आजही सांगते की ती मीठ मुद्दाम विसरली होती. म्हणते, टोपलीत एवढी जागा ठेवायची असते की घेणाऱ्याला काहीतरी मागता यावं. माझा यावर आजही विश्वास नाही. पण तो डबा हातात घेताना लोसालिनी पहिल्यांदा हसली, हे मी डोळ्यांनी बघितलं.

जेवण उशिरा झालं. तिने आपल्या भाषेत प्रार्थना म्हटली. अर्नीने तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि खुर्चीतच झोपला. मग तिने फोन लावला, फोनवर तिची मुलगी दिसायला लागली. ती चिमुरडी आमच्याकडे टकामका बघत काहीतरी विचारत होती, आणि लोसालिनीने काहीतरी उत्तर दिलं.

ब्रूसने विचारलं, "काय म्हणाली ती?"

"तिने विचारलं, ही माणसं कोण. मी म्हटलं, आपल्याकडे जेवायला आलेत."

त्या 'आपल्याकडे'वर ऊनाने माझा हात दाबला.

आता, एका जेवणाने माणूस थांबतो का? नाही थांबत. मंगळवारी लोसालिनी ब्रूसच्या कचेरीत गेली आणि स्पष्ट म्हणाली, "मी राहीन. पण मला खोली नको, घर हवं. माझी मुलगी राहील असं." आणि इथे मला समितीला दाद द्यायची आहे. स्कूल रोडवरचं रिकामं घर रंगवून झालं, छप्पर गळत होतं ते क्लाइव्हने ठोकलं, मुलीच्या इथे राहण्याच्या परवान्यासाठी ब्रूसने सरकारी कचेऱ्यांचे एवढे उंबरे झिजवले की तिथली माणसं त्याचा आवाज ओळखायला लागली. दुसऱ्या वर्षी ती मुलगी, सेरेआना, आली. उतरल्या उतरल्या तिने ऊनाला 'बुबू' म्हटलं. बुबू म्हणजे आजी, हे कळल्यावर ऊना म्हणाली, "आजी कोण? मी तर हिच्या आईच्या वयाची." पण दुसऱ्या कुणाला तिने तसं म्हटलेलं ऊनाला खपत नाही. पुढे लोसालिनीची चुलतबहीण आली, तीही परिचारिका. मग तिची मैत्रीण आली. प्रत्येकीच्या दारात एक टोपली गेली, आणि कुठल्याही दोन टोपल्या सारख्या नव्हत्या.

समोर तुम्ही बघता आहात, पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी आहे. ती लोसालिनीची. ऊनाविषयी खरं तर तीच बोलणार होती. दुपारी रात्रपाळीची परिचारिका तापाने आडवी झाली आणि तिची पाळी लोसालिनीवर आली. लोसालिनीने ऊनाला फोन केला, मी शेजारीच बसले होते. ती रडत होती. म्हणत होती, तासभर विभाग बंद ठेवते आणि येते.

ऊना तिला म्हणाली, "तू जागची हलू नकोस. मला निरोप द्यायला अख्खं गाव आहे. आज रात्री गावाला तू एकटीच आहेस."

बाहेर पडल्यावर रस्त्यापलीकडे बघा. तातडीच्या विभागाचा दिवा चालू आहे.

अध्यक्षमहाराज, आपण मला बोलू दिलंत, मध्येच घंटा वाजवली नाहीत, आपल्या मिठाची गोष्ट हसून ऐकून घेतलीत, याबद्दल मी आपली आभारी आहे. सभागृहाचं भाडं न घेणाऱ्या क्लबचे, केक करणाऱ्या भगिनींचे आणि एवढा वेळ न खाता उभे राहिलेल्या मंडळींचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाच्या थट्टेत हात जरा जड पडला असेल, तर ते या जुन्या दुकानदारणीचं म्हणून पोटात घाला आणि सोडून द्या.

आणि ऊना, मी कौतुक केलं नाही. तू खुर्चीतून उठली नाहीस, तेव्हा तुलाही ते मान्य आहे. सुखाने जा. धन्यवाद.